सोसायटीत पहिल्यांदा ई-कचरा गोळा करताय? आधी टेम्पो कुठे जाणार ते विचारा

आमच्या टीव्हीखालच्या खणात चार बंद मोबाइल, सात चार्जर, एक रिमोट (त्याचा टीव्ही कधीच गेला) आणि कशाचीच नसलेली एक वायर होती. ती वायर दर दिवाळीच्या साफसफाईला बाहेर यायची, सगळ्यांच्या हातून फिरायची आणि "राहू दे, लागेल कधीतरी" म्हणून परत आत जायची. असा खण प्रत्येक घरात असतो. ज्यांच्याकडे नाही त्यांच्याकडे पोटमाळा असतो.

सोसायटीत ई-कचरा गोळा करायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, किंवा हौसेनं अंगावर घेतलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. मी हे काम पहिल्या वर्षी पूर्ण चुकीच्या क्रमानं केलं. आधी नोटीस लावली, मग सामान गोळा केलं आणि पार्किंगमध्ये ढीग साचल्यावर घेणारा शोधला. ओळखीतून एक टेम्पोवाला मिळाला. गळ्यात लॅमिनेट केलेलं कार्ड, त्यावर 'सरकारमान्य'. त्यानं हसतमुखानं सगळं भरून नेलं आणि आम्ही टाळ्या वाजवून फोटो काढले. आठ-दहा दिवसांनी सकाळी फिरायला गेलेल्या शेजाऱ्यांनी मला एक फोटो पाठवला. रस्त्याकडेच्या भंगाराच्या दुकानापुढे एक सीपीयूचा डबा आडवा पडलेला, झाकण नाही, आतला सर्किट बोर्ड नाही, नुसता पत्रा. पत्र्यावर मार्करनं लिहिलेलं 'बी-३०४'. अक्षर माझंच होतं.

त्या सीपीयूतली हार्ड डिस्क कुठे गेली, हे आजपर्यंत कुणालाच सांगता आलेलं नाही.

घेणारा आधी, नोटीस नंतर

म्हणून पहिली पायरी फोनवरची. सामान शेवटी कुणाच्या कारखान्यात फुटणार आहे, हे नावानिशी कळेपर्यंत सोसायटीत एक शब्द बोलू नका.

यामागचा कायदा थोडक्यात असा. सध्या देशात ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू आहेत. ते १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. वस्तू बनवून किंवा आयात करून विकणाऱ्या कंपन्यांवर ठरावीक प्रमाणात कचरा रीसायकल करवून घेण्याची जबाबदारी आहे. २०२३-२४ साठी हे प्रमाण ६० टक्के होतं, ते टप्प्याटप्प्यानं ८० टक्क्यांपर्यंत जायचं आहे. नियमांत नोंदणी चारच प्रकारच्या लोकांची होते : कारखानदार, उत्पादक (म्हणजे आपल्या नावानं विकणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपन्या), जुनं दुरुस्त करून पुन्हा विकणारे आणि रीसायकलर. ही नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर असते. कामापुरता यातून निघणारा अर्थ एवढाच, की तुमच्या दारात टेम्पो घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा या चारांपैकी कुणीच नसतो. तो मधला असतो. मधला असणं हा गुन्हा नाही. कित्येक चांगल्या संस्था मधल्याच आहेत, गोळा करून पुढे देतात. पण 'पुढे' म्हणजे कुठे, हे त्याला सांगता आलं पाहिजे.

फोनवर मी आता हे विचारते :

- तुम्ही स्वतः रीसायकलर आहात की गोळा करून देता? देत असाल तर कुणाला, आणि त्यांचा नोंदणी क्रमांक काय?
- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची प्रत पाठवाल का? (आली की मुदत बघा. संपलेलं पत्र पाठवणारेही भेटतात.)
- काय घेत नाही? डबा टीव्ही, ट्यूबलाइट, सुटे सेल घेता का?
- टेम्पो पाठवायला किमान किती वजन लागतं, आणि भाडं कुणी द्यायचं?
- पावती जागेवर मिळेल का, आणि रीसायकल केल्याचं प्रमाणपत्र किती दिवसांत येईल?
- हार्ड डिस्क नष्ट केल्याचं लेखी द्याल का?

पहिल्या प्रश्नाला "मॅडम, तुम्ही काळजीच करू नका" असं उत्तर आलं, तर आभार मानून फोन ठेवा.

पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. १९९३ साली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ती निघाली. रोजच्या ओल्या-सुक्याबरोबर जुन्या वस्तूही ती घेते, त्यामुळे तुमच्याकडे रोज येणाऱ्या ताईंनाच आधी विचारून बघा. बाकी गावांत महापालिकेच्या घनकचरा विभागाकडे चौकशी करा. तेही जमलं नाही तर वस्तूच्या कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर. फुली मारलेल्या कचरापेटीचं छोटं चित्र वस्तूच्या मागे किंवा खोक्यावर असतं ना, ते याच कारणासाठी : हे घरच्या कचऱ्यात टाकू नका.

काय घ्यायचं, काय नाही

२०२२ च्या नियमांच्या यादीत १०६ प्रकारच्या वस्तू आहेत. ती यादी नोटीस बोर्डावर चिकटवू नका, कुणी वाचत नाही. आम्ही एक वाक्य ठरवलं : प्लग लावून, सेल घालून किंवा चार्ज करून जे चालतं ते सगळं आणा. मिक्सर, इस्त्री, गीझर, पंखा, प्रिंटर आणि त्याची कार्ट्रिज, मुलांची गाणी म्हणणारी खेळणी, ब्लूटूथचे एका कानाचे उरलेले तुकडे, दिवाळीच्या माळा. माळा लोक विसरतात, आणि निघतात ढिगानं.

तरीही या वाक्यात न बसणाऱ्या वस्तू येतात. आमच्याकडे थर्मास आला, एक्स-रेच्या फिल्म आल्या, एका आजींनी गॅसचा लायटर आणला. नाही म्हणताना गोड बोला. पुढच्या वर्षी त्याच आजी मोबाइल आणणार असतात.

चार गोष्टींचं वेगळं ठरवावं लागतं.

इन्व्हर्टरची मोठी बॅटरी घेऊ नका. त्यात शिसं आणि आम्ल असतं, शिवाय नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करतो. बॅटऱ्यांसाठी २०२२ चेच वेगळे नियम आहेत आणि परत घेण्याची ही सवय बाजारात आधीपासूनच रुळलेली आहे.

ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये थोडासा पारा असतो. घेणारा "हो" म्हणाला तरच स्वीकारा आणि ज्या खोक्यातून, कागदातून आल्या त्यातच उभ्या ठेवा. एलईडी दिव्यांत पारा नसतो, ते बाकीच्यांबरोबर गेले तरी चालतं.

फ्रिज आणि एसी खाली आणायला सांगू नका. आतला वायू बाहेर सुटता कामा नये. आर-१३४ए हा फ्रिजमध्ये वर्षानुवर्षं वापरला गेलेला वायू वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त ताकदीचा आहे, आणि जिन्यावरून फ्रिज उतरवताना मागची नळी चेपली की तो गेलाच. नावं लिहून घ्या आणि टेम्पोबरोबर येणाऱ्या माणसांना घरातून उचलू द्या.

सेट-टॉप बॉक्स आणि राउटर देण्याआधी घरच्यांना करार बघायला सांगा. कित्येकदा ते कंपनीचेच असतात, आपल्याकडे नुसते वापरायला दिलेले. अनामत रक्कम अडकलेली असते आणि आपण डबा देऊन मोकळे होतो.

दिवस

१४ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ई-कचरा दिन. २०१८ पासून पाळला जातो. पण आपल्याकडे त्याहून चांगला मुहूर्त आयताच आहे. खंडेनवमीला आणि दसऱ्याला आपण यंत्रांना झेंडू वाहतो. हल्ली पाटावर लॅपटॉपही असतो. दसरा झाला की साफसफाई सुरू होते, माळे उतरतात. दसरा आणि दिवाळीच्या मधला रविवार पकडा. दिवाळीच्या अगदी तोंडावर टेम्पो मिळत नाही, आणि जूनमध्ये केलंत तर सगळं भिजतं.

वेळ सकाळी ९ ते दुपारी १. टेम्पो त्याच दिवशी दीडला. 'पंधरा दिवस पेटी ठेवू, लोक आणून टाकतील' हा मोह टाळा. पंधरा दिवसांत चांगल्या वस्तू कमी होतात, बॅटऱ्या उन्हात तापतात, लहान मुलं पेटीत हात घालतात आणि वॉचमनवर उगाच संशय येतो. शेवटचं सगळ्यात वाईट.

दारात काय बोलायचं

नोटीस लावा, ग्रुपवर मेसेज टाका, पण तेवढ्यावर विसंबू नका. आमचा मेसेज एवढाच असतो :

'रविवारी सकाळी ९ ते १, बी विंगच्या पार्किंगमध्ये बंद पडलेल्या इलेक्ट्रिक आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू घेणार. मोबाइल-लॅपटॉपमधली माहिती पुसायला शनिवारी संध्याकाळी मदत मिळेल. जड सामान असेल किंवा उतरणं जमत नसेल तर फ्लॅट नंबर कळवा, मुलं घरून नेतील. सामान कोणत्या रीसायकलरकडे जाणार त्याचं नाव नोटीस बोर्डावर लावलं आहे.'

यावर अंगठे येतात. सामान येतं ते दार वाजवल्यावर. आठवडाभर संध्याकाळी दोघा-दोघांनी एकेक मजला घ्या. जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन रीसायकल झाल्याची नोंद आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. आकडा खरा आहे, पण दारात सांगू नका. समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच शाळेतला कंटाळा येतो. त्यापेक्षा "तुमच्या टीव्हीखालच्या खणात काय काय आहे?" असं विचारा. माणूस हसतो आणि खण उघडायला जातो.

दारात तीन प्रकारची मंडळी भेटतात.

पहिली 'लागेल कधीतरी'वाली. त्यांच्याशी वाद नको. "बरं काका, चालू असेल ते ठेवा, बंद तेवढं द्या" म्हणायचं. चालू आहे का ते बघायला काका आपला जुना टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) प्लगला लावतात, तो लागत नाही, आणि काम आपोआप होतं.

दुसरी म्हणतात, "भंगारवाला पैसे देतो, तुम्ही काय देता?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला खरं उत्तर दिलं पाहिजे. भंगारवाला पैसे देतो कारण त्याला वस्तूतलं तांबं, ॲल्युमिनियम आणि बोर्ड विकता येतात. तांबं लवकर सोडवायचं तर वायर जाळतात. वरचं प्लॅस्टिक पीव्हीसी असतं, त्याच्या धुरात डायऑक्सिनसारखी विषं असतात. बोर्डावरचं सोनं काढायला आम्लाच्या टबात बोर्ड बुडवतात आणि उरलेलं पाणी गटारात जातं. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये हे काम गल्ल्यागल्ल्यांत चालत आलंय. उत्तर प्रदेशात मुरादाबादला रामगंगेच्या काठी जाळलेल्या बोर्डांची काळी राख साचलेली असायची. ती राख धुणाऱ्यांत बाया आणि पोरं असायची. तेव्हा भंगारवाल्याला शिव्या घालून बोलू नका. तो आपल्यापेक्षा जास्त वस्तू वाचवतो, आणि पत्रा, रद्दी, बाटल्या त्यालाच गेल्या पाहिजेत. फक्त बोर्ड, बॅटरी आणि पिक्चर ट्यूब ज्यात आहे ते त्याच्या वाटेनं जायला नको, एवढंच आपलं म्हणणं.

पैशांचंही साफ सांगा. रीसायकलरही पुष्कळदा लॅपटॉप, सीपीयू, मोबाइल यांचे वजनावर पैसे देतो. डबा टीव्ही घ्यायला उलट पैसे मागतो. वजावट होऊन जे उरेल त्याचं काय करायचं ते आधी कमिटीत ठरवून नोटिशीत लिहा. आम्ही ते वॉचमन आणि सफाई करणाऱ्या मावशींच्या दिवाळीत घालतो. रक्कम फार नसते, पण आधी लिहिलं नाही तर रकमेपेक्षा मोठी भांडणं होतात.

घरात मुलं असतील तर टोकियोची गोष्ट सांगा. तिथल्या २०२० च्या ऑलिंपिकची सुमारे ५,००० पदकं लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतल्या धातूंपासून बनवली. ६२ लाखांच्या आसपास मोबाइल आणि जवळपास ७९ हजार टन छोटी उपकरणं गोळा झाली, त्यातून ३२ किलो सोनं निघालं. ए विंगमधल्या एका चौथीतल्या मुलानं हे ऐकून घरातला चालू फोनही आणून दिला होता. आई मागोमाग धावत आली.

तिसरी मंडळी गप्प असतात. हो-हो म्हणतात आणि देत नाहीत. त्यांना भीती असते, "माझे फोटो आहेत त्यात." ही भीती अगदी बरोबर आहे. बी-३०४ आठवा.

माहिती पुसण्याची शनिवार संध्याकाळ

क्लब हाउसमध्ये दोन टेबलं, एक एक्स्टेंशन बोर्ड, तऱ्हेतऱ्हेचे चार्जर आणि फोन कळणारी कॉलेजची दोन-तीन मुलं. फोन मालकानं स्वतः हातात धरायचा, मुलांनी फक्त सांगायचं. हा नियम मोडू नका.

सुरू होणाऱ्या स्मार्टफोनचा क्रम असा. हवे ते फोटो आणि नंबर नव्या फोनवर आलेत का बघा. व्हॉट्सॲप नव्यावर सुरू झालंय का बघा. ओटीपी बनवणारं एखादं ॲप असेल तर ते आधी नव्या फोनवर हलवा, नाहीतर तुमचं तुम्हालाच खातं उघडता येणार नाही. यूपीआय आणि बँकेच्या ॲपमधून बाहेर पडा. मग अँड्रॉइड असेल तर गूगल खातं काढा. आयफोन असेल तर 'फाइंड माय' बंद करून आयक्लाउडमधून साइन आउट करा. हे आधी न करता थेट रीसेट केलं तर फोन पुढेही जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसतो आणि दुरुस्त करून वापरण्याजोगा फोनही भंगार होतो. शेवटी फॅक्टरी रीसेट. सिम आणि मेमरी कार्ड काढलं का, हे दोनदा विचारा. कार्ड आतच राहिलेले फोन दर वर्षी निघतात.

दहा-बारा वर्षांपूर्वीचा अँड्रॉइड असेल तर नुसतं रीसेट पुरत नाही, कारण त्यातली माहिती कुलूपबंद साठवलेली नसते. सेटिंग्जमध्ये एन्क्रिप्ट करायचा पर्याय असतो. तो आधी चालवा, मग रीसेट. बटणांच्या फोनमध्ये सिम, कार्ड आणि मेसेज, बस.

सुरूच होत नाही त्या फोनचं काय? घरी हातोडा मारू नका, आत बॅटरी आहे. दुसऱ्या फोनवरून गूगल किंवा ॲपलच्या खात्यात जाऊन त्या जुन्या उपकरणातून साइन आउट करा, सिम-कार्ड काढा आणि फोन 'नष्ट करायचे' अशा वेगळ्या डब्यात टाका.

कॉम्प्युटरचं लक्षात ठेवायचं ते एवढंच, की डिलीट केलेली फाइल पुसली जात नाही, तिच्यावरची पाटी फक्त निघते. विंडोज रीसेट करताना ड्राइव्ह साफ करायचा पर्याय येतो, तो निवडा. वेळ खूप लागतो, म्हणून रात्री लावून ठेवा. मशीन बंदच असेल तर हार्ड डिस्क काढून घ्या, चार स्क्रूंचं काम आहे. ती घरी ठेवा किंवा नष्ट केल्याचं लेखी देणाऱ्याला द्या. यूट्यूब बघून डिस्कला ड्रिल मारायला निघालेले एक वीर आमच्याकडेही आहेत. लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी पुष्कळदा काचेची असते आणि तिचे तुकडे डोळ्यात उडतात, हे सांगितल्यावर ड्रिल परत गेलं.

आणि स्वतः सोसायटीचं विसरू नका. सीसीटीव्हीचा जुना डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) ऑफिसच्या कपाटावर पडलेला असतो. त्यात हार्ड डिस्क असते, आणि तिच्यात कोण किती वाजता कुणाबरोबर लिफ्टमधून गेलं ते सगळं.

रविवारची मांडणी

सावलीत, गाड्यांपासून लांब, एकाच बाजूनं आत येता येईल अशी जागा. एक वही, एक ताणकाटा, जाड हातमोजे, चिकटपट्टी, मार्कर, पाच क्रेट. एक क्रेट मोबाइल-लॅपटॉपचा, एक वायर-चार्जरचा, एक स्वयंपाकघरातल्या वस्तूंचा, एक उरल्यासुरल्याचा. पाचवा सेल-बॅटऱ्यांचा; तो टेबलाखाली लहान मुलांच्या हाताला येईल असा ठेवू नका. घड्याळाचे बटण सेल मुलं गिळतात आणि काही तासांत आत जखम होते.

सुट्या लिथियम बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, चौकोनी नऊ व्होल्टच्या सेललाही. दोन टोकं एकमेकांना किंवा एखाद्या पत्र्याला लागली की ठिणगी पडते, आणि क्रेटमध्ये एक पेटली की शेजारची पेटते.

दुसऱ्या वर्षी एक ताई प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन घेऊन आल्या. "मागचं झाकण आपोआप उघडलंय बघा." झाकण उघडलं नव्हतं, आतून उचललं गेलं होतं. बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली होती. हाताला गुळगुळीत, मऊ लागली, म्हणून शेजारी उभ्या मुलानं अंगठ्यानं दाबून बघायला हात पुढे केला. अशा वेळी ओरडायला लाजू नका. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, फोनमधून ओढून काढायची नाही आणि 'चालतो का बघू' म्हणून चार्जिंगला लावायची नाही. आम्ही आधीच तुपाचा मोठा पत्र्याचा डबा अर्धा कोरड्या वाळूनं भरून भिंतीलगत ठेवला होता. फोन त्यात ठेवला, वरून वाळू घातली, डब्याला झाकण लावलं नाही. टेम्पो आला तेव्हा त्या माणसाला आधी हा डबा दाखवला, त्यानं तो वेगळा नेला. धूर दिसला तर माणसं लांब करा आणि १०१ ला फोन लावा, शौर्य नको.

डबा टीव्ही दोघांनी उचलायचा, काच छातीकडे आणि फुगीर पाठ बाहेर. मागचं झाकण उघडायचं नाही. पिक्चर ट्यूब आतून पोकळ, निर्वात असते; आपटली तर काच आत खेचली जाऊन फुटू शकते. ट्यूबच्या मागच्या भागाच्या काचेत शिसंही बरंच असतं. टीव्ही बंद करून ठेवलेला असला तरी आत विजेचा दाब धरून राहिलेला असू शकतो आणि झटका बसतो.

सीएफएल फुटलाच तर मुलांना बाजूला करा, बंद जागा असेल तर खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं बाहेर थांबा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, पारा पसरतो. जाड पुठ्ठ्यानं तुकडे गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीनं टिपा आणि सगळं झाकणाच्या बरणीत भरा.

आता माझं आवडतं टेबल, दुरुस्तीचं. आमचे इलेक्ट्रिशियन दादा चार तासांसाठी येऊन बसतात. त्यांच्याकडे सिरीज बोर्ड असतो : एक साधा पिवळा बल्ब, त्याच्याशी सिरीजमध्ये सॉकेट. संशयित मिक्सर त्यात लावला आणि बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे. मंद पेटला तर मशीनमधून करंट जातोय. अजिबात नाही पेटला तर कुठेतरी वायर तुटलीय. बघ्यांची गर्दी इथेच होते. निम्म्या मिक्सरांचं दुखणं कपलर किंवा कार्बन ब्रश एवढंच निघतं, इस्त्रीचं बहुतेकदा वायरीतच. पन्नास-शंभर रुपयांत वस्तू परत घरी जाते. घेऊन आलेला माणूस जरा खजील होतो, पण खूश असतो. मोठ्या वस्तूंचे भाग आणि कंपनीची दुरुस्ती केंद्रं शोधायला ग्राहक व्यवहार खात्याचं 'राइट टू रिपेअर' पोर्टल आहे, डिसेंबर २०२२ पासून. दादांचं टेबल मात्र जास्त चालतं.

चालू असून नको असलेल्या वस्तू वेगळ्या ठेवा आणि तिथल्या तिथे द्या. घरकामाच्या मावशी, वॉचमन, इस्त्रीवाले यांना सकाळीच सांगून ठेवा. देताना प्लग लावून चालवून दाखवा. बंद पडायला आलेली वस्तू गरिबाला देणं म्हणजे कचऱ्याचा खर्च त्याच्या माथी मारणं.

वहीत फ्लॅट नंबर, वस्तू, वजन आणि सही. बस्स. सीपीयूवर नंबर मी आता लिहीत नाही.

टेम्पो निघाल्यावर

टेम्पो सुटण्याआधी पावती हातात घ्या : तारीख, एकूण वजन, गाडीचा नंबर, कुणाकडे चाललंय त्याचं नाव. गाडीच्या नंबरपाटीसकट भरलेल्या सामानाचा फोटो काढा. प्रमाणपत्राची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवशी स्वतः फोन करा, आपणहून ते येत नाही. आलं की नोटीस बोर्डावर लावा, शेजारी हिशोब. ते कागद बघूनच तिसऱ्या प्रकारची गप्प मंडळी पुढच्या वर्षी सामान घेऊन उतरतात.

वर्षभरासाठी वॉचमनच्या केबिनजवळ, सावलीत, झाकणाची एक छोटी बरणी ठेवायला हरकत नाही. त्यात फक्त रिमोटचे साधे पेन्सिल सेल. मोबाइल नाही, लिथियम बॅटरी नाही, बटण सेल नाहीत.

टेम्पो आलाच नाही तर? आमचा एकदा नाही आला. पावणेतीनला फोन आला की गाडी घाटात बंद पडलीय, उद्या येतो. बॅटऱ्यांचा क्रेट आणि वाळूचा डबा बाहेरच, छपराखाली, भिंतीलगत ठेवायचा. बाकी सगळं क्लब हाउसमध्ये कुलपात. तासाभरात ग्रुपवर कळवायचं, की सामान अजून आपल्याकडेच आहे, इतके किलो, किल्ली अमुक फ्लॅटमध्ये. आणि कुलूप लावण्याआधी लॅपटॉप परत एकदा मोजायचे, दोघांनी मिळून, वही हातात धरून.